दुसरा पाय टेकेपर्यंत

फोन आला तेव्हा मी कोथरूडमधल्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. "नीला गेली," एवढंच आई म्हणाली. समोर मशीनमधून माझंच, कुठल्याशा सभेचं पत्रक बाहेर पडत होतं, एकावर एक. दुकानदारानं विचारलं, "ताई, अजून निम्मी राहिलीत. काढू ना?" मी म्हटलं, काढा. का म्हटलं कोण जाणे... पाच आठवडे झाले, तो गठ्ठा अजून मी सोडलेला नाही.

नीलामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. कर्वेनगरच्या एका सोसायटीत एकटी राहायची आणि सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायची. "दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो," ती मला म्हणायची, "तू बिचारी फुकटात काढतेस." मला ती 'कॉम्रेड' म्हणायची, आणि टोमणा मारायचा असला की 'अहो कॉम्रेड'. माझे बाबा चळवळीतले. आमच्या घरात मुलांना गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं मिळाली. 'भुतं नसतात, भीती असते' हे बाबांचं पत्रक मी आठव्या वर्षी चौकात उभी राहून वाटलंय. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लिहिणार आहे ते त्या पत्रकात बसत नाही.

मावशी कॉलेजात असल्यापासून चार चाकांच्या स्केट्सवर कलात्मक स्केटिंग करायची. तिची रिंक एका मॉलच्या पायाखाली गेली, तेव्हापासून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे साडेपाच ते सहा स्केटिंग करू लागली. गाड्यांच्या दोन रांगांमध्ये गुळगुळीत सिमेंटचा रुंद पट्टा होता, तेवढा तिला पुरायचा. तिचा जीव होता तो स्पायरलवर. एका पायावर घसरत जायचं, अंग पुढे झुकवायचं, दुसरा पाय मागे कमरेच्या वर उचलून धरायचा आणि तसंच, काहीही न हलवता, एक लांब वळण घ्यायचं. शनिवारी मी तिच्याकडे राहायला गेले की रविवारी पहाटे माझं काम ठरलेलं. "मला डोकं रिकामं ठेवावं लागतं. अहो कॉम्रेड, मोजा." मी मोठ्यानं आकडे म्हणायचे आणि सातला ती पाय खाली आणायची. दोन्ही पायांवर असताना चाकांची घरघर भरून यायची. एक पाय उचलला की आवाज अर्धा व्हायचा, बारीक, एकसुरी. लहानपणी त्या अर्ध्या आवाजाची मला भीती वाटायची. मावशीची पापणी हलायची नाही. ती जागच्या जागी थांबली आहे आणि पार्किंगचे खांब तिच्यापासून मागे मागे निघालेत, असं दिसायचं. एकदा मी घाबरून पाचवरच गप्प झाले. ती तशीच पुढे गेली, पार भिंतीपर्यंत. मग म्हणाली, "तू मोजणं सोडलंस तर मी उतरू कधी?"

गेल्या वर्षभरात सोसायटीत घरटी दुसरी गाडी आली. मधल्या पट्ट्यावर लोकांची नजर गेली. तरी मावशीच्या अर्ध्या तासाला कोणी हरकत घेतली नव्हती. ती न बोललेली परवानगी होती. मला मात्र हक्क हवा होता. मी तिला न विचारता पत्रक काढलं आणि प्रत्येक टपालपेटीत टाकलं. सामायिक जमीन कोणाची, कर्जावरच्या गाड्यांनी माणसांना किती आकसायला लावायचं, एका बाईच्या गिरकीचं तुम्हाला भय का... पत्रक चांगलं झालं होतं. आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली आणि जिन्याखाली पाटी लागली : 'येथे फक्त वाहने फिरतील. ज्यांना स्वतः फिरायचे आहे त्यांनी टेकडीवर जावे.' मधल्या पट्ट्यात गाड्या लागल्या.

त्यानंतर मी भेटायला गेले ती शेवटची भेट. मावशी ओट्याशी बसून स्केट्सची बेअरिंग्ज रॉकेलमध्ये धूत होती. मी म्हटलं, मी त्यांच्याशी बोलते. "नको. तू जिंकतेस आणि निस्तरायला मी उरते." मग एक बेअरिंग पुसून बाजूला ठेवत म्हणाली, "लिहिलंस छान. पण स्पायरल म्हणजे गिरकी नव्हे गं. गिरकीत बाई फिरते. इथे बाई थांबलेली असते. स्पायरल असते ती जमिनीवरची रेघ." दोन महिन्यांनी ती झोपेत गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यापेक्षा जास्त काही म्हणणार नाही. पण ते दोन महिने ती स्केट्स घालून जमिनीवर उतरली नव्हती, आणि ते माझ्यामुळे.

घर आवरायला गेले तेव्हा पार्किंगमध्ये थबकले. गाड्या वाकड्या लावल्या होत्या. कोणाची दारासमोर तिरकी, कोणाची खांबाला चिकटून. मधून एक मोकळी पट्टी वळत वळत पार भिंतीपर्यंत गेली होती. जिथे हातभर जागेसाठी माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात, तिथे. चेअरमन जोगळेकरकाकांना विचारलं. ते किल्ली पुसत म्हणाले, "तिथे पाणी साचतं."

"मार्चमध्ये?"

"तुमचं पत्रक वाचलं होतं आम्ही," म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

वॉचमन किसनभाऊ यवतमाळकडचे. ते जवळ आले. "मी कोणाले सांगतलं नाही ताई. पण साडेपाचले आवाज येते."

"पंपाचा असेल."

"पंप त मी सहाले चालू करतो ना."

मी त्या रात्री मावशीच्या घरी राहिले. खोटं ठरवायलाच राहिले. तिचे स्केट्स कॉटखाली होते, लेस बांधलेल्या. पहाटे खाली गेले आणि नेहमीच्या खांबाशी उभी राहिले. किसनभाऊ गेटाशी, पाठ करून. पंप बंद होता, रस्ता शांत होता. आधी भरलेली घरघर आली, लांबच्या टोकाकडून. दिसलं काही नाही, पुन्हा लिहिते, काही दिसलं नाही. मग आवाज अर्धा झाला... बारीक, एकसुरी, मोकळ्या पट्टीवरून वळत माझ्याकडे येणारा. मी मोठ्यानं मोजायला लागले. पाचवर थांबले नाही. सात म्हटलं.

आवाज अर्धाच राहिला. आठ म्हटलं, नऊ म्हटलं. तो माझ्या समोरून भिंतीकडे गेला आणि लहान होत होत ऐकू येईनासा झाला. मी हे लिहितेय ते कर्वेनगरच्या त्याच घरात, तिच्या ओट्याशी बसून. पहाट झाली की खाली जाते. मोजणं मी सोडलेलं नाही. दुसरा पाय टेकल्याचा आवाज अजून आलेला नाही.