जास्तीची टिकली

परवा दुकानात उलगडलेल्या साडीवर नक्षी सोडून एक टिकली दिसली आणि मी ती साडी जवळ ओढली.

नव्वदीतलं सुरत, गोडादऱ्यातली आमची खोली. आई मार्केटमधून मजुरीच्या कामासाठी साड्या आणायची. मी आणि ताई लोंबते धागे कापून साड्यांवर टिकल्या चिकटवायचो. ताईच्या आधी गठ्ठा संपवायच्या नादात माझ्या कात्रीने एका साडीला भोक पडलं. मी त्यावर टिकली चिकटवली. भोक गायब! मी आनंदाने नाचलेच.

आईने त्या टिकलीवरून बोट फिरवलं. "धुतल्यावर ही पडीन, मंग ती बाई काय करीन?"

कोण बाई? ही साडी कुणीतरी नेसणार, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दुसरी दाखवतो," टिकलीखालचं भोक पाहून दुकानदार म्हणाला.

"नको, हीच द्या. ही टिकली लावणारी पोरगी माझ्या ओळखीची आहे."