पवनचक्कीची पाठ

पवनचक्कीची गोष्ट म्हटली का तुमाले वाटन, आता हा पोट्टा विजेवर लेक्चर देईन. नाई तं भुताचं सांगन. लेक्चर थोडंसंच हाय. भुताचं मात्र मले अजून समजलं नाई.

आमच्या गावाच्या उगवतीले टेकडी, टेकडीवर एक चक्की. पावसाळाभर आरतीच्या ताटासारखी सुलटी फिरते. दसऱ्याच्या आसपास काका गेले. दहाव्याले कावळा लय उशिरा शिवला. तेरवी झाली, अन् एका सकाळी काकू अंगणातून ओरडली, "पाह्य रे, उलटी फिरून राह्यली!"

खरंच उलटी. सरणाभोवती मडकं घेऊन फिरतात, तशी.

"त्यायचा जीव अटकला," काकू म्हणे. तवापासून तिनं जेवणच टाकलं. नुसत्या चहावर राहे. ताट पुढं केलं का म्हणे, "ते फिरून राह्यले, अन् मी गिळू?"

तिचे गाल बसले, तशी मी गाडी काढली. तिले मागं बसवून टेकडीच्या पल्याड नेलं. तिथून चक्की सुलटी!

"वारा बदलला काकू. पावसाळ्यात मावळतीचा होता, आता उगवतीचा हाय. चक्की वाऱ्याकडं तोंड करते. आपल्याले घरून तिची पाठ दिसते, म्हणून उलटी वाटते."

काकू पाहतच राह्यली. "मंग आमच्याकडं पाठ काऊन केली त्यायनं?"

मले नकला येतात. कंडक्टरची, सरपंचाची, मेहकरच्या शाळेतल्या हेडमास्तरची. काकाची केली का काका सोताच हसत. तोंड आपोआप उघडलं. आधी त्यायच्यासारखा खाकरलो.

"अवो, जेवून घ्या. माही वाट नका पाहू."

काकूनं पदर डोक्यावर घेतला. "हाव," म्हणाली. माह्याकडं नाई, चक्कीकडं पाहून.

मले वाटलं होतं, हसन. वर पाती घूं घूं करून राह्यली होती. "चाल घरी" म्हणायले गेलो, तं तेही काकाच्याच आवाजात निघालं. थुंकलो, पाणी प्यालो, तरी घसा माहा होईना. मंग गाडीले किक मारली अन् गाव गाठलं.

घरी काकूनं भाकर कुस्करली, वरण ओतलं अन् जेवाले बसली. घास तोंडात असतानाच सुरू झाली, "मेल्या, गेलेल्या माणसाची नक्कल करते का कोणी? अन् करतं तं नीट तरी कर! 'अवो' ते चार लोकांत म्हणत. एकट्यात काय म्हणत, ते तुले काय माहीत? येत नाई ते करू नको. सरक तिकडं, लोणचं घेऊ दे."