पितळी ताटातले सेल

सोनगीरच्या आमच्या शेजारच्या काकांना मुठीत मावणाऱ्या, पण थेट गडापर्यंत उजेड फेकणाऱ्या टॉर्चचं वेड. कुणी त्यातला लिथियम सेल नुसता हातात घेतला तरी ओरडायचे, “किल्लीस्ना खिसामा टाकू नका भाऊ, आग लागी!”

दसऱ्याला त्यांनी टॉर्च पूजेला मांडल्या. सुटे सेलही पितळी ताटात आडवे ठेवून त्यांना कुंकू लावलं. मी फुलं घ्यायला वळलो, तोच फस्सकन धूर निघाला. सेलांची दोन्ही टोकं पितळेला टेकून शॉर्टसर्किट झालं होतं. आणि हे त्यांच्या हातून! मी थिजलोच. त्यांनी उघड्या हातांनी ताट उचलून अंगणात भिरकावलं.

काल मी मुद्दाम त्यांच्यासमोर सेल किल्ल्यांच्या खिशात टाकला आणि ओरडा खायला थांबलो. त्यांनी पट्टी बांधलेला हात तेवढा सेल मागायला पुढे केला.