सावंतांवर बसा

"उभे का? बसा ना. कुलकर्ण्यांवर बसा."

काकूंच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस हे ऐकून दारातच थबकायचा. मग काकू सोफ्याच्या हातावर दोनदा थोपटायच्या आणि त्याला उलगडा व्हायचा. सोफा पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी टाकून दिलेला, म्हणून तो कुलकर्णी. गोल टेबल म्हणजे परब. गादी म्हणजे देसाई. एकदा काकूंनी गच्चीवरून मला ओरडून सांगितलं, "देसाईंना उन्हात टाकलंय गो, ढेकूण झालेत!" तेव्हा खऱ्या देसाई वहिनी खाली गेटपाशी भाजी घेत होत्या. त्यांनी कितीतरी दिवस काकूंशी अबोला धरला.

तुमच्याही सोसायटीच्या गेटजवळ तुम्ही असा ढीग पाहिला असेल. कुणाकडे नवं इंटिरियर निघालं की जुनी कपाटं, खुर्च्या, आरसे भंगारवाल्याची वाट बघत बाहेर उभे असतात. मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या इमारतीत तो ढीग आधी काकूंच्या नजरेखालून जायचा. त्यांनी आयुष्यभर एका इस्पितळाच्या शिवणखात्यात काम केलं होतं. तिथे फाटलेली चादर फेकत नसत, तिचे अभ्रे करत. ती शिस्त त्यांनी घरी आणली होती. वॉचमनला हाताशी धरून त्या वस्तू वर न्यायच्या आणि पदर खोचून पॉलिश पेपरने घासत बसायच्या. "अस्सल सागवान बाहेर काढलं आणि भुशाच्या फळ्या घरात घेतल्या. वाट लागली ह्यांच्या डोक्याची," असं तोंडाने चालू असायचं. त्यांच्या घरात एकाचं दुसऱ्याशी काही जुळत नव्हतं, तरी सगळं मिळून बघत राहावंसं वाटायचं.

आम्ही समोरच्या जागेत भाड्याने आलो ते वाईट दिवसांत. माझ्या नवऱ्याचा चारकोपला छोटा कारखाना होता, तो बंद पडला. राहतं घर विकलं, सामानही तिथेच विकलं. मुलुंडला आलो तेव्हा गॅस, भांडी आणि अंथरुणं एवढंच जवळ होतं. काकूंनी दार ढकललं, रिकाम्या खोलीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बापरे, काय आवाज घुमतोय!" बाकी काही विचारलं नाही. त्या पावसाळ्यात आमचं घर भरत गेलं. परबांच्या टेबलाची जोडीदार बाकं आली, कुणाचं शोकेस आलं, कुणाचा दिवा आला.

मला लाज वाटायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जिन्यात भेटणारी जवळजवळ प्रत्येक बाई माझ्या घरातल्या कुठल्यातरी वस्तूची आधीची मालकीण होती. एखादी डोकावून म्हणायची, "अय्या, आमचं शोकेस इथे किती छान दिसतंय!" मी हसायचे आणि दार लावून रडायचे. काकूंना सांगितलं तर त्यांना ते कळेचना. "लाजतंस कित्याक? दिली म्हणून वस्तू परकी होते काय? माणसाने यावं, बसावं, बघून जावं."

आणि माणसं खरंच यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंत आप्पांची वेताची आरामखुर्ची त्यांच्या मुलाच्या नव्या हॉलमध्ये शोभेना, म्हणून ती आमच्याकडे आली. तिच्या मागोमाग आप्पाही आले. रोज संध्याकाळी पेपर घेऊन यायचे, खुर्चीत बसायचे, पेपर संपला की जायचे. मला वाटायचं, आपण खुर्ची नीट ठेवतो की नाही ते बघायला येतात. पुढे कळलं की त्या नव्या हॉलमध्ये कुठे बसावं हे त्यांना कळत नसे.

आमच्या घरात एकच गोष्ट बिननावाची होती. खिडकीचा पडदा. हिरवा, मोहरीच्या रंगाचा काठ असलेला, साडीचा शिवलेला. "हा कोणाचा?" मी एकदा विचारलं. "होता असाच," काकू म्हणाल्या आणि कडी बसवायला स्टुलावर चढल्या.

मग बोरिवलीहून माझी ताई यायची ठरली. घर विकल्यापासून मी तिला टाळत होते. आमचं ठीक चाललंय, एवढंच फोनवर सांगत होते, आणि तिने ते येऊन डोळ्यांनी बघावं, पटून परत जावं, अशी माझी फार इच्छा होती. मी काकूंपुढे हात जोडले. "काकू, ताई असेपर्यंत तेवढी नावं घेऊ नका." त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. "बरं," म्हणाल्या, "नाही घेत."

ताई आणि भावोजी आले. काकू गरम घावणे घेऊन आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. ताई सगळीकडे बघून म्हणाली, "छान लावलंयस गं घर. शोकेस कुठून घेतलंस?" "इकडूनच," मी म्हटलं. काकूंनी ओठ इतके घट्ट मिटले होते की मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आप्पांची मला आठवणच राहिली नव्हती. ते नेहमीसारखे पेपर घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्या खुर्चीत भावोजी पाय पसरून बसले होते.

"कोण गं हे?" ताईने विचारलं.

आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल ते असेल. त्यांनी पेपरची गुंडाळी केली. "काही नाही, काही नाही. मजला चुकलो वाटतं," म्हणाले आणि वळले.

काकू माझ्याकडे बघत होत्या. शब्द दिला होता म्हणून गप्प होत्या, पण त्यांचे डोळे भरले होते. माझे कान तापले. रोज येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं होतं.

"आप्पा, थांबा," मी म्हटलं. "भावोजी, जरा उठता का? तुम्ही सावंतांवर बसलाय."

भावोजी ताडकन उठले. आप्पा बसले, पण पेपर उघडेनात. ताईला काहीच कळलं नव्हतं. "सांगू?" काकूंनी हळूच विचारलं. "सांगा," मी म्हटलं. मग त्यांनी खोलीभर बोट फिरवत एकेकाची ओळख करून दिली, अगदी दिव्यापर्यंत. ताई ऐकत गेली, तिचा चेहरा उतरत गेला. निघताना जिन्यात तिने माझा हात धरला. "मला नसतं का गं सांगता आलं?"

यंदा काकू गेल्या. दुपारी जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. वाकोल्याचा त्यांचा भाचा घर रिकामं करायला आला. कुणाचं काय ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याच्याबरोबर फिरले. हे कुलकर्णी, हे परब, ही गादी देसाईंची. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "आणि ह्यातलं मावशीचं काय?"

मी पुन्हा सगळं घर फिरले. काकूंच्या नावाचं मला काही सापडलं नाही.

"फोटोला हार घालायचाय, हा चालेल ना?" त्याने मोबाइल पुढे केला. इस्पितळातल्या निरोप समारंभाचा फोटो होता. काकू हातात नारळ घेऊन, कुणीतरी हसवल्यासारख्या उभ्या होत्या. अंगावर हिरवी साडी, मोहरीच्या रंगाच्या काठाची. बहुतेक त्यांची सगळ्यात चांगली.

कोणाकडून काय घेतलं हे मी ताईपासून लपवत होते, आणि काकूंनी आपलं दिलेलं माझ्यापासून लपवलं होतं. घरी येऊन मी कितीतरी वेळ पडद्यासमोर उभी राहिले. हात लावायचीही लाज वाटली.

संध्याकाळी आप्पा आले, बसले. ऊन थेट त्यांच्या पेपरवर येत होतं.

"पडदा ओढ गो जरा," ते म्हणाले.

"थांबा आप्पा," मी म्हटलं. "काकूंना पुढे घेते."

आप्पांनी पेपर खाली ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिले.