मालगाड्यांची वही

राजूरकडच्या लाइनीवर प्रवासी गाडी येत नाही. येतात त्या कोळशाच्या मालगाड्या, त्याही मनाला येईल तेव्हा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी वळणावरच्या बाभळीखाली बसतो आणि वहीत लिहितो: वेळ, डबे किती, इंजिन पुढे की मागे. लोक दिवसभर पत्ते कुटतात ते चालतं, मग मीच कोणाचं घोडं मारलंय?

वळणावर गाडी हिसके खाते आणि थोडा कोळसा सांडतो. तो वेचायला चार-पाच बाया यायच्या. सांडलेलाच घ्यायचा, डब्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा आपसातला कडक नियम. त्यातली एक म्हातारी फाटकाजवळ चहा विकायची. तिची शेगडी याच कोळशावर पेटायची.

या उन्हाळ्यात मला पाहिलं की बाया लांबूनच परत फिरू लागल्या. म्हातारी माझ्यापुढे कप आदळू लागली. एक दिवस तिनं विचारलंच, "गुर्जी, तुमी त्या वहीत काय लिहून राह्यले?"

"गाड्या."

"गाड्या कायले लिहा लागते? कोन वाचते ते?"

माझं डोकंच फिरलं. यांची पोरं मी शिकवली आणि आता मीच खबऱ्या? चहा तसाच टाकून उठलो. मग मलाही नाही नाही ते दिसू लागलं. या सांडलेलाच वेचतात कशावरून? माझी पाठ वळली की डब्यावर चढत असतील. त्या रागात मी बाभळीआड लपून गाड्यांच्या शेजारी बायांचंही लिहू लागलो. कोण आली, किती नेलं.

त्याच दिवसांत वणीहून एक गृहस्थ येऊ लागला. त्यालाही म्हणे मालगाड्यांचा शौक. बरोबरीनं बसायचा, इंजिन मागून का लावलं ते विचारायचा. माझी वही आजवर घरच्यांनीसुद्धा उघडली नव्हती. यानं पानन् पान पाहिलं, मोबाइलवर फोटो काढले. मला इतका आनंद झाला की त्याच्यावर शंका घ्यायचं सुचलंच नाही.

आठ दिवसांनी गाडीच्या आधीच वळणावर रेल्वेची जीप उभी होती. पहारेकऱ्यांनी बायांच्या टोपल्या हिसकावल्या. जीपमधून तोच गृहस्थ उतरला आणि नावं लिहून घेऊ लागला. म्हातारीची पाळी आली तेव्हा मी मध्ये पडलो.

"ही चहा विकते. हिला मी इथं कधीच पाहिलं नाही."

तो हसला आणि मोबाइल आम्हा दोघांपुढे धरला. माझंच अक्षर होतं. 'चहावाली, दोन टोपल्या.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं मलाच विचारलं, "काय लिहलं आहे, गुर्जी?"