एकशे बारा वेळा

शशिकांतला एकच वस्तू घरात दोनदा असलेली खपत नसे. अहिल्याने माहेरून आणलेला दुसरा कुकर त्याने महिन्याभरात कुणाला तरी देऊन टाकला होता. नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली. अमेरिकेत, बेलव्ह्यूतल्या एका छोट्या कंपनीत तो मजकुराचे ढीग आवळून लहान करायचा आणि न उलगडता, त्या आवळलेल्या गठ्ठ्यातच हवा तो शब्द शोधायचा. अहिल्या मैत्रिणींना सांगे, "गादी पिशवीत कोंबायची आणि पिशवी न उघडता आतली सुई शोधायची. याचा पगार देतात."

२००६ च्या एप्रिलमध्ये घरच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली. भरली होती लेकीच्या व्हिडिओंनी, पण त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. म्हणून शशिकांतने सासूबाईंच्या सहा वर्षांच्या ईमेल्स घेतल्या, त्यांची तशीच एक आवळलेली सूची बांधली आणि मूळ ईमेल्स पुसून टाकल्या. सूचीतच सगळा मजकूर असतो. मग मूळ ठेवणं म्हणजे पुन्हा दुसरा कुकर.

मे महिन्यात सासूबाईंचं तिकीट निघालं. शोभाताई नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. फोनवर म्हणाल्या, "आल्यावर मला काय हवंय ते मी लिहून कळवलंय. लक्षात आहे ना?"

"हो आई," अहिल्या म्हणाली आणि फोन ठेवून नवऱ्याकडे वळली. "शशी, ती मेल काढ. मला काही म्हणजे काही आठवत नाहीये."

"परत विचार ना."

"आईला? अरे, तिने सख्ख्या लेकीला वर्गाबाहेर उभं केलंय. सहलीला न्यायचं असेल, नाहीतर कुणाला भेटायचं असेल. ते झालं नाही तर महिनाभर ती काही बोलणार नाही. नुसती बघेल."

शशिकांतने 'अमेरिका' टाकलं. उत्तर क्षणात आलं.

"एकशे बारा वेळा आहे."

"कुठे?"

"ते नाही सांगता येत. किती वेळा ते येतं. कुठे, तो प्रोग्रॅमचा भाग लिहायचा राहिलाय."

"म्हणजे तू मेल्स पुसल्यास?"

"आत आहे गं सगळं," शशिकांत म्हणाला आणि लिहायला बसला.

बाहेर काढायची एकच वाट होती. शेवटचं अक्षर धरायचं, ते आपल्या आधीचं कोण ते सांगतं, मग ते त्याच्या आधीचं. दोन शनिवार-रविवार गेले. मग पत्रं खालून वर भरत येऊ लागली. आधी आशीर्वाद, मग मजकूर, मग तारीख. अहिल्या चहाचा कप घेऊन बसली ती बसलीच. आईचा गुडघा आधी बरा झाला, मग दुखायला लागला. शेजारच्या मोहनचं लग्न आधी मोडलं, मग झालं, मग ठरलं.

२००३ च्या नोव्हेंबरात सापडलं. "अमेरिका बघायला मी येणार नाही. धबधबे-बिबधबे दाखवू नका. शशिकांतराव दिवसभर करतात तरी काय, ते एकदा समोर बसून मला समजावून सांगू देत."

आल्याच्या तिसऱ्या दिवशी शोभाताई चष्मा लावून डायनिंग टेबलाशी बसल्या. शशिकांतने गादी सांगितली, पिशवी सांगितली, सुई सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"छान," त्या म्हणाल्या. "आणि मूळ कागद कुठे ठेवता?"

शशिकांतने अहिल्याकडे पाहिलं. अहिल्याला एकाएकी कुकरची शिट्टी ऐकू आली आणि ती आत गेली. कुकर ओट्यावर रिकामा पालथा घातलेला होता.