लंकाबाईचं नवं दावं

पाथर्डीहून पुणतांब्याला जाणाऱ्या लंकाबाईच्या पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि एक कोरं दावं होतं. निघाली होती जुना ट्रॅक्टर बघायला. लेक बिभीषण एसटीत वाटभर लाजत होता.

"आये, ट्रॅक्टरला दावं कशाला? लोक हसतील."

"हसू दे. तुझा आजा बैलबाजारात दलाल हुता. आपलं दावं जनावराच्या गळ्यात पडल्याबिगर पैसा मोकळा करायचा न्हाई, ही त्याची शिकवण."

बारा हंगाम तिनं ऊस तोडला होता. त्यातून राखलेलं सगळं पासबुकात होतं. ट्रॅक्टर धड मिळाला तर बिभीषण भाड्यानं नांगरट करणार होता आणि सुनेच्या हाती कोयता येणार नव्हता. पैसा बुडाला, तर दिवाळीनंतर पुन्हा उसाच्या फडातली पाचटाची कोपी, आणि या खेपेला सूनही सोबत.

ट्रॅक्टर मच्छिंद्रचा. बागायतदार माणूस, मनानं चांगला, पण बोलण्यात भलती घाई. पोचल्या पोचल्या लंकाबाईनं आधी इंजिनाला हात लावून पाहिला. थंड होतं. विकायच्या म्हशीची कास दूध तुंबवून फुगवतात, तसं थंडपणी सुरू न होण्याची खोड लपवायला इंजिन आधीच तापवून ठेवलंय का, हे तिला बघायचं होतं. मग दोन तास नांगरायला लावलं. मग चेसिसवरचं ग्रीस पदरानं पुसलं आणि बिभीषणला तिथल्या नंबरचा एकेक आकडा आरसी पुस्तकाशी ताडून वाचायला लावला. आकडे जुळले. पण पुस्तकात बँकेचं नाव निघालं.

"ह्ये कुणाचं नाव, भाऊ?"

"बँकेचा बोजा हाय, मावशी. कर्ज जवळजवळ फिटलंय. मेव्हण्याच्या खात्यावर पैसे टाका, दहा हजार सोडतो. आत्ताच घेऊन जा."

बिभीषणनं मोबाईल काढलासुद्धा. आईनं तो हिसकून पिशवीत टाकला.

"म्हैस जवळजवळ गाभण असती का, भाऊ?"

मच्छिंद्र तडकला. "माझ्यावर इस्वास न्हाई?"

"तुमच्यावर हाय. पर जनावर बांधलंय बँकेच्या खुंट्याला, अन् पैसे टाकायचे मेव्हण्याच्या गोठ्यात?"

शहाण्यांनी इथं खुशाल हसावं. मोबाईलवर नुसता फोटो बघून पैसे धाडणारे आणि मग पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारे त्यांच्यातलेच असतात. लंकाबाईनं आयुष्यात एक पायरी झिजवली नाही.

ओट्यावर मच्छिंद्रची आई बनुबाई लसूण सोलत होती. तिथूनच ती ओरडली, "मच्छ्या, बाई बरूबर बोलतीय. दोन हप्ते राह्यलेत त्ये सांग की! मेव्हण्याची उसनवारी फेडायची घाई झालीय मेल्याला."

मच्छिंद्रची मान खाली गेली. टोमणा मारायला लंकाबाईला याहून बरी संधी मिळाली नसती. ती एवढंच म्हणाली, "हप्ते ऱ्हात्यात, भाऊ. आमीबी मुकादमाकडनं आगाऊ उचल घेऊनच जगलो. चला बँकेत."

आधी स्टॅम्पपेपरवर व्यवहार लिहिला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मग तिनं राहिलेल्या हप्त्यांपुरतेच पैसे आपल्या खात्यातून थेट ट्रॅक्टरच्या कर्जात भरले आणि शिक्क्याची पावती घेतली. बोजा उतरल्याचा दाखला यायचा होता, तोवर ट्रॅक्टर मच्छिंद्रच्या अंगणात, पुस्तक हिच्या पिशवीत आणि किल्ली हिच्या पदराच्या गाठीला. बिभीषण घरी येऊन नऊ दिवस फुगून बसला. "गिऱ्हाईक दुसरं आलं म्हंजी?" "किल्ली माझ्यापाशी हाय. ढकलत नेतंय व्हय?"

दहाव्या दिवशी बँकेचा दाखला आला. नाव बदलायच्या कागदांवर मच्छिंद्रनं बँकेतच सह्या केल्या आणि तिथंच लंकाबाईनं उरलेली रक्कम त्याच्या, फक्त त्याच्याच, खात्यावर वळती केली. अंगणात येऊन तिनं कोरं दावं स्टिअरिंगला बांधलं. बनुबाईनं बोनेटला कुंकू लावलं, गाय जाताना लावतात तसं, आणि डोळे पुसले.

मच्छिंद्र म्हणाला, "मावशी, माझ्या मेव्हण्याला ट्रॅक्टर घ्यायचाय. त्याच्यासंगं याल का बघायला?"

"यीन की. दावं त्याचं त्यानं आणायचं."

परतीच्या वाटेवर बिभीषण चालवत होता आणि ती मडगार्डवर बसली होती, दाव्याचं टोक मुठीत धरून. नगरजवळ चहाच्या टपरीवर पोरांनी विचारलं, "आज्जे, ट्रॅक्टर पळून जाईल का?"

"नवं जनावर हाय, बाबांनो," लंकाबाई म्हणाली. "घराची वळख हुईस्तवर धरूनच ठिवावं लागतं."